खटला उभा राहण्यापूर्वी : लोकमान्य टिळकांवरील १८९७, १९०८ व १९१६ च्या कारवायांचा पूर्वभाग

लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणेच न्यायालयातील भाषणे, न्यायाधीशाने ज्यूरीस केलेले विवेचन, ज्यूरीचा कौल आणि शिक्षा यांवर खिळते. खटल्याचा हा भाग नाट्यमय असल्यामुळे चरित्रकारांनीही त्यालाच अधिक पाने दिली आहेत. तथापि फौजदारी न्यायाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याहून कमी महत्त्वाचा नसलेला एक भाग या दृश्याच्या आधी घडून गेलेला असतो. फिर्याद कोणाच्या अनुमतीने झाली, दोषारोप कोणत्या शब्दांत मांडला गेला, झडतीत काय हाती लागले, जामीन मिळाला की नाही, ज्यूरी कोणत्या यादीतून निवडली गेली, या प्रश्नांची उत्तरे पहिला साक्षीदार उभा राहण्यापूर्वीच ठरलेली असतात. आरोपीला बचावाचा अधिकार आहे एवढे म्हणून भागत नाही. तो अधिकार वापरण्याजोगी परिस्थिती त्याला मिळाली की नाही हे याच टप्प्यात निश्चित होते.

या दृष्टीने टिळकांवरील १८९७, १९०८ आणि १९१६ या तीन सालांतील कारवाया एकत्र तपासणे उद्बोधक ठरते. आरोपी एकच, आक्षेपाचे स्वरूप बहुतांशी एकच, आणि उच्च न्यायालयही एकच. असे असता निष्पत्ती मात्र तीन प्रकारची झाली. या भेदाचा उगम खटल्यापूर्वीच्या टप्प्यात कितपत सापडतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. कायद्याची चौकट

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत राजद्रोहाचे कलम आरंभी नव्हते. १२४-अ हे कलम १८७० मध्ये घालण्यात आले आणि १८९८ मध्ये त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. त्याच वेळी निरनिराळ्या वर्गांत वैरभाव उत्पन्न करण्याविषयीचे १५३-अ हे कलमही संहितेत आले. कार्यपद्धतीच्या बाबतीत १८९७ चा खटला १८८२ च्या फौजदारी कार्यपद्धती संहितेखाली, तर १९०८ व १९१६ च्या कारवाया १८९८ च्या संहितेखाली चालल्या. परंतु येथे प्रस्तुत असलेल्या मुद्द्यांपुरत्या या दोन संहिता जवळजवळ सारख्याच होत्या. ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. १८९७ आणि १९०८ मधील फरक जामिनाच्या कायद्यातील फरकाने स्पष्ट होत नाही.

राजद्रोहाच्या गुन्ह्यात पोलिसांना स्वतःच्या अधिकारात, वॉरंटावाचून अटक करता येत नसे. कलम १९६ प्रमाणे सरकारच्या हुकमाने किंवा अनुमतीने झालेल्या फिर्यादीखेरीज न्यायालयालाही या गुन्ह्याची दखल घेता येत नसे. या तरतुदीमागील हेतू असा की, राज्यसंस्थेविरुद्धच्या गुन्ह्यांचे आरोप कोणाही खासगी माणसाने अथवा कनिष्ठ अधिकाऱ्याने उतावळेपणाने करू नयेत. म्हणजे मुळात ही आरोपीच्या संरक्षणाची तरतूद होती. परंतु वृत्तपत्रावरील खटल्यात तिचा दुसराही परिणाम होई. लेख निवडणे, त्याचे भाषांतर करविणे, कलम ठरविणे आणि फिर्यादीची वेळ साधणे ही सर्व कामे आरोपीला सुगावा लागण्यापूर्वीच सचिवालयात पुरी होत. येथे तपास म्हणजे घटनास्थळाचा पंचनामा नव्हे, तर अंकांचे वाचन आणि भाषांतर होय.

अटकेनंतर मॅजिस्ट्रेटपुढे प्राथमिक चौकशी होई. पुरेसा आधार न दिसल्यास मॅजिस्ट्रेट आरोपीला सोडून देई. अन्यथा दोषारोप तयार करून खटला सेशनकडे पाठवी. या चौकशीत आरोपीला दोन मार्ग मोकळे असत. सरकारपक्षाच्या साक्षीदारांची उलटतपासणी करून व आपले म्हणणे मांडून तेथेच सुटकेचा प्रयत्न करणे हा एक. आणि बचाव राखून ठेवून प्रतिपक्षाचा पुरावा तेवढा पाहून घेणे हा दुसरा. राजकीय खटल्यात मॅजिस्ट्रेट आरोपीला सोडून देण्याचा संभव थोडा असल्यामुळे दुसरा मार्ग व्यवहार्य मानला जाई.

मुंबई शहरातील असे खटले उच्च न्यायालयाच्या मूळ फौजदारी शाखेत नऊ जणांच्या ज्यूरीपुढे चालत. ज्यूरीचे एकमत न झाल्यास सहा जणांचे मत आणि न्यायाधीशाची त्यास संमती एवढ्यावर निकाल देता येई. या निकालावर वस्तुस्थितीच्या प्रश्नापुरतेही साधे अपील नव्हते. ते १९४३ च्या दुरुस्तीने आले. ‘केसरी’ पुण्यास निघत असे, पण त्याचे अंक मुंबईतील वर्गणीदारांना मिळत असल्यामुळे मुंबईतही प्रसिद्धी झाली, असे म्हणता येत होते. त्यामुळे दोन्ही वेळा खटला मुंबईस भरण्यात आला. स्थळाच्या या एका निवडीतून न्यायाधीश, ज्यूरीची यादी आणि अपिलाचा अभाव या तीन गोष्टी आपोआप ठरून गेल्या.

२. १८९७ : जामीन आणि त्याचे प्रयोजन

१८९७ च्या खटल्याचा आधार १५ जून १८९७ चा ‘केसरी’चा अंक हा होता. त्यात शिवराज्याभिषेकोत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती. २२ जूनच्या रात्री पुण्यात प्लेग-व्यवस्थेचे प्रमुख रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या कृत्याशी टिळकांचा संबंध असल्याचा आरोप ठेवण्यात आला नाही. परंतु अंक आणि खून यांमधील एक आठवड्याचे अंतर दोषारोपात नसले तरी वातावरणात होते. सरकारचे ओरिएंटल ट्रान्सलेटर मिर्झा अब्बास अली बेग यांनी फिर्याद दिली, आणि २७ जुलै रोजी मुंबईत टिळकांना अटक झाली.

मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयात न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांच्यापुढे अर्ज गेला, तोही नामंजूर झाला. या पीठावर न्या. महादेव गोविंद रानडे होते, ही गोष्ट विसरता येत नाही. जामिनाच्या प्रश्नाचा निकाल केवळ न्यायाधीशाच्या वंशावरून लावू पाहणाऱ्यांना ती अडचणीची आहे. या नकाराचे स्वरूप मात्र अंतिम नव्हते. प्राथमिक चौकशी चालू होती, आणि ती लांबल्यास पुन्हा अर्ज करण्याची वाट मोकळी होती.

ऑगस्टच्या प्रारंभी खटला सेशनकडे गेल्यावर बॅ. दिनशा दावर यांनी टिळकांच्या वतीने न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे नव्याने अर्ज केला. ४ ऑगस्ट रोजी तो मंजूर झाला, आणि द्वारकादास धरमसी हे जामीनदार म्हणून उभे राहिले.

या निर्णयाचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळच्या कायद्यातील विसंगती पाहिली पाहिजे. कलम ४९७ प्रमाणे बिनजामिनी गुन्ह्यात आरोपी दोषी असल्याचे मानण्यास सयुक्तिक कारण दिसल्यास त्याला सोडता येत नसे. कलम ४९८ ने मात्र उच्च न्यायालयाला कोणत्याही प्रकरणात जामीन देण्याचा व्यापक अधिकार दिला होता, आणि तो कोणत्या तत्त्वावर वापरावा याविषयी त्यात मार्गदर्शन नव्हते. ही रिकामी जागा न्यायाधीशाने भरावयाची होती. न्या. तय्यबजींनी ती जामिनाच्या प्रयोजनाने भरली. आरोपी खटल्यास हजर राहील की नाही, हा त्यांच्या दृष्टीने मुख्य प्रश्न ठरला. त्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर पुढे कदाचित निर्दोष ठरणाऱ्या माणसाला महिनाभर तुरुंगात ठेवणे आणि बचावाच्या तयारीस मुकविणे हे न्यायाच्या हेतूलाच बाधक होईल, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. आरोप किती गंभीर आहे हा प्रश्न येथे नाहीसा झाला नाही, परंतु त्याला दुय्यम स्थान मिळाले.

८ सप्टेंबरला खटला सुरू झाला. म्हणजे बचावाच्या तयारीसाठी टिळकांना पस्तीस दिवसांची मोकळीक मिळाली. या अवधीत बंगालमध्ये निधी जमला आणि कलकत्त्याहून बॅ. प्यू यांना आणविण्यात आले. सरकारी अनुमतीच्या हुकमात ठरावीक लेखांचा निर्देश नाही, केवळ काही लेख असे मोघम म्हटले आहे, हा तांत्रिक पण मूलगामी आक्षेपही घेण्यात आला. कोणत्या शब्दांबद्दल आपल्याला जाब द्यावयाचा आहे हे आरोपीला निश्चितपणे कळले पाहिजे, हे त्यामागील तत्त्व होते. न्या. स्ट्रॅची यांनी तो आक्षेप मान्य केला नाही.

याच अवधीत आणखी एका मार्गाचा विचार झाला. माफी मागून प्रकरण मिटवावे, अशी सूचना टिळकांच्या काही हितचिंतकांकडून आली. ‘अमृत बझार पत्रिके’चे मोतीलाल घोष यांच्याशी त्यांचा या विषयी पत्रव्यवहार झाला. टिळकांनी हा मार्ग नाकारला. या नकाराची मीमांसा प्रायः त्यांच्या स्वभावाच्या अंगाने केली जाते आणि ती अयथार्थ नाही. परंतु त्यामागे एक पूर्वानुभवही होता. १८८२ च्या कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात टिळक व आगरकर यांनी माफी मागूनही दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि एकशे एक दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले होते. माफीने आरोप कबूल केल्यासारखे होते, पण शिक्षा टळतेच असे नाही, हे त्यांना ठाऊक होते.

१४ सप्टेंबर रोजी ज्यूरीने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी टिळकांना दोषी ठरविले. सहाही मते युरोपियनांची होती, विरोधी तीन मते हिंदी सभासदांची. अठरा महिन्यांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. सहा हा आकडा म्हणजे कायद्याने आवश्यक असलेली किमान संख्या होय, हे येथे लक्षात घ्यावे. दोषी ठरविणाऱ्यांपैकी एक जरी फुटता तरी त्या ज्यूरीकडून हा निकाल मिळाला नसता. ज्यूरीच्या घटनेचा प्रश्न किती निर्णायक होता, हे या एका आकड्यावरून दिसते. सरकारपक्षाने हा धडा घेतला असल्यास नवल नाही.

३. १९०८ : तेच कायदे, वेगळी निष्पत्ती

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँबस्फोट झाला. त्यानंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांपैकी १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे दोन लेख खटल्यास आधारभूत झाले. २४ जून रोजी मुंबईत सरदारगृहात टिळकांना अटक झाली. दुसऱ्या लेखाबद्दलचे वॉरंट ते तुरुंगात असताना बजावण्यात आले. या वेळी अनुमतीचे हुकूम त्या त्या लेखापुरते स्वतंत्र होते. अकरा वर्षांपूर्वीच्या मोघमपणाच्या आक्षेपाला आता जागाच उरली नाही.

अटकेच्या दुसऱ्या दिवशी पुण्यातील घर व छापखाना यांची आणि सिंहगडावरील बंगल्याची झडती घेण्यात आली. तीत स्फोटक द्रव्यांवरील दोन पुस्तकांची नावे लिहिलेले एक पोस्टकार्ड मिळाले. त्याच जून महिन्यात स्फोटक द्रव्यांविषयीचा नवा कायदा झाला होता, आणि त्यावर टीका करण्यासाठी ही पुस्तके पाहावयाची होती, असा खुलासा टिळकांनी केला. लेखाच्या अर्थावर उभ्या असलेल्या खटल्यात हा कागद लेखकाचा हेतू दाखविणारा म्हणून पुराव्यात दाखल झाला. शोध एका गोष्टीचा आणि उपयोग दुसऱ्या गोष्टीसाठी, हा तपासाचा नेहमीचा धोका या उदाहरणात स्पष्ट दिसतो.

जूनअखेर खटला सेशनकडे गेला. २ जुलै रोजी बॅ. महमदअली जिना यांनी जामिनाचा अर्ज केला. न्यायासनावर होते न्या. दावर, म्हणजे १८९७ मध्ये याच आरोपीसाठी, खटल्याच्या याच टप्प्यावर, याच कलमाखाली जामीन मागणारे आणि मिळविणारे वकील. जिनांनी तय्यबजींच्या निर्णयाचा आधार घेतला. न्या. दावरांनी अर्ज नामंजूर केला, आणि कारणांची चर्चा करणे पुढील खटल्याच्या दृष्टीने इष्ट नाही असे म्हणून ती देण्याचे टाळले.

या प्रसंगाचे विवेचन करताना व्यक्तिगत विसंगतीवर भर देण्याचा मोह होतो. परंतु वकील अशिलाची बाजू मांडतो आणि न्यायाधीश स्वतःचे मत देतो. या दोहोंत विरोध आढळला म्हणून त्यावरून हेतू काढणे शास्त्रशुद्ध नव्हे. महत्त्वाचा मुद्दा निराळाच आहे. खटल्यापूर्वी पुराव्यावर मत देऊ नये, हे न्या. दावरांचे कारण वरवर आरोपीच्याच हिताचे दिसते. कारण तसे मत ज्यूरीच्या कानी गेल्यास तिचे मन कलुषित होण्याचा संभव असतो. परंतु कारणे न देता दिलेल्या नकाराला प्रत्युत्तर करता येत नाही. तय्यबजींचा निर्णय चुकीचा ठरविला गेला नाही आणि अनुसरलाही गेला नाही. तो केवळ बाजूला राहिला. ज्या तत्त्वाला कायद्याच्या शब्दांचा आधार नसून न्यायाधीशाच्या विवेकाचा आधार असतो, ते तत्त्व दुसऱ्या न्यायाधीशाच्या मौनाने निष्प्रभ होऊ शकते, हा या प्रसंगाचा खरा धडा होय.

यापाठोपाठ विशेष ज्यूरीची मागणी सरकारपक्षाने केली. टिळकांच्या बाजूने विरोध होऊनही ती मान्य झाली. विशेष ज्यूरीच्या यादीत युरोपियनांचे प्रमाण अधिक असल्यामुळे प्रत्यक्षात सात युरोपियन आणि दोन पारशी अशी ज्यूरी बसली. मराठी लेखांचा अर्थ ठरवावयाचा, आणि ठरविणाऱ्यांपैकी बहुसंख्यांना मराठी येत नाही, अशी ही स्थिती होती. यामुळे भाषांतराला मूळ लेखाचेच स्थान आले. सरकारी भाषांतरातील शब्दयोजना सदोष आहे, हा टिळकांच्या बचावाचा एक प्रमुख भाग झाला, आणि भाषांतरकाराची त्यांनी स्वतः दीर्घ उलटतपासणी घेतली. परंतु ज्याला मूळ वाचता येत नाही त्याला भाषांतरातील उणीव पटविणे, हे काम किती कठीण आहे ते सांगावयास नको. दोन लेखांवरील आरोप एकत्र चालविण्यासही टिळकांचा विरोध होता. तोही निष्फळ झाला.

१३ जुलै रोजी खटला सुरू झाला. अटकेपासून एकोणीस दिवस झाले होते आणि ते सर्व कोठडीत गेले होते. टिळकांनी या वेळी स्वतःच बचाव केला. त्यांचे भाषण अनेक दिवस चालले. एकंदर एकवीस तासांहून अधिक काळ ते बोलले. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी ज्यूरीने त्यांना दोषी ठरविले. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड झाला.

४. आरोपावाचून कारवाई : नातू बंधू आणि १९१६

खटल्यापूर्वीच्या टप्प्यातील संरक्षण कितीही तोकडे असले, तरी त्याचे मोल ते मुळीच नसलेल्या प्रकरणाशी तुलना केल्यावर कळते. १८९७ च्या जुलैअखेर, टिळकांच्या अटकेच्याच सुमारास, पुण्याचे सरदार बाळासाहेब व तात्यासाहेब नातू यांना मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली स्थानबद्ध करण्यात आले. त्यांच्यावर दोषारोप नव्हता. म्हणून चौकशी नव्हती, जामिनाचा प्रश्न नव्हता, आणि ज्यूरीही नव्हती. त्यांची सुटका १८९९ मध्ये झाली. दोषारोप हा आरोपीवरील भार खरा, परंतु सरकारला एका निश्चित विधानाशी बांधून ठेवणारी गोष्टही तीच.

१९१६ मध्ये सरकारने तिसरा मार्ग पत्करला. १ मे रोजी बेळगावास आणि ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरास होमरूलच्या प्रचारार्थ टिळकांची भाषणे झाली. या वेळी १२४-अ खाली खटला भरला गेला नाही. फौजदारी कार्यपद्धती संहितेच्या कलम १०८ प्रमाणे, चांगल्या वर्तणुकीबद्दल जामीन का घेऊ नये, अशी नोटीस २३ जुलै रोजी, त्यांच्या साठाव्या वाढदिवशी, त्यांना बजावण्यात आली. पुण्याच्या डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा हजारांचे दोन जामीनदार यांचा हुकूम केला.

सरकारच्या दृष्टीने या मार्गात सोय होती. ज्यूरीची गरज नव्हती, गुन्हा केल्याबद्दल शिक्षा नव्हती, आणि तरीही वक्त्याचे तोंड वर्षभर बंद करता येत होते. परंतु याच मार्गाने एक दार अनपेक्षितपणे उघडले. मुंबईच्या ज्यूरीच्या कौलावर उच्च न्यायालयात वस्तुस्थितीचा विचार होऊ शकत नव्हता. जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाची तपासणी मात्र होऊ शकत होती. बॅ. जिनांनी ती बाजू मांडली. न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी भाषणे तुकड्यातुकड्यांनी न वाचता समग्र वाचली, आणि ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द केला. जे शब्द दोनदा ज्यूरीपुढे भाषांतराच्या आधारे तोलले गेले, तशाच प्रकारच्या शब्दांची तिसऱ्या वेळी कारणांसह न्यायालयीन छाननी झाली, आणि निकाल बदलला.

५. निष्कर्ष

या तुलनेतून एक सावधगिरीचा इशारा प्रथम दिला पाहिजे. १८९७ मध्ये जामीन मिळूनही टिळकांना शिक्षा झाली. म्हणून पूर्वभाग अनुकूल झाला की निकालही अनुकूल होतो, असा सिद्धान्त मांडता येत नाही. न्या. स्ट्रॅची यांनी अप्रीतीचा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावल्यावर उत्तम तयारीचाही उपयोग मर्यादित होता. परंतु १८९७ चा बचाव पर्याय निवडून उभा राहिला, आणि १९०८ चा बचाव पर्याय बंद होत गेल्यावर उरलेल्या जागेत उभा राहिला, एवढे निश्चित म्हणता येते. स्थळ, ज्यूरी, अनुमती, आरोपांची जोड आणि जामीन या पाच बाबींपैकी १८९७ मध्ये निदान एक आरोपीच्या बाजूस आली. १९०८ मध्ये एकही आली नाही.

पुढील काळात कायद्याने या उणिवांपैकी काही दूर केल्या. १९२३ च्या दुरुस्तीने कलम ४९७ मधील मनाई देहान्त किंवा आजन्म काळ्या पाण्याच्या शिक्षेस पात्र असलेल्या गुन्ह्यांपुरती मर्यादित झाली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने अटकेची कारणे कळण्याचा आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क मूलभूत ठरविला. त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा ठेवली, हे नातू बंधूंच्या प्रकरणाच्या संदर्भात नमूद करण्यासारखे आहे. १९७३ च्या संहितेने मॅजिस्ट्रेटपुढील जुनी प्राथमिक चौकशी आणि ज्यूरी या दोहोंना निरोप दिला व अटकपूर्व जामिनाची तरतूद प्रथमच केली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती तरतूद कलम ४८२ मध्ये आहे. कलम १२४-अ च्या वापरास सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी स्थगिती दिली, आणि नव्या न्यायसंहितेत ते त्या रूपात राहिले नाही.

तथापि तय्यबजी आणि दावर यांच्या निर्णयांमधील मूळ प्रश्न कलमांच्या क्रमांकांबरोबर बदललेला नाही. खटल्यापूर्वीची कैद ही आरोपीला न्यायालयात हजर ठेवण्याचे साधन आहे, की आरोपाच्या गांभीर्याचा तो आगाऊ हप्ता आहे? पहिले उत्तर स्वीकारले तर नकाराला कारण द्यावे लागते. दुसरे स्वीकारले तर आरोपाचे नाव हेच कारण होऊन बसते. १८९७ व १९०८ मधील अंतर अकरा वर्षांचे होते. पण त्याहून ते या दोन उत्तरांमधील अंतर होते.